दोन कारागिरांचा एक हत्ती

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा ऊस ताडाएवढा वाढायचा आणि खोटं बोलणाऱ्याच्या जिभेवर मुंगळे चढायचे, तेव्हाची ही गोष्ट. बाळगोपाळांनो, कान देऊन ऐका. आणि त्यांच्या आजोबांनो, तुम्ही झोपेचं सोंग घेऊन ऐका.

एका राज्यात एक गुळव्या होता. उसाचा रस आटवून तो असा गूळ करायचा, की इथे ढेप फुटली की तिकडे शेजारच्या गावचे मुंगळे वाटेला लागायचे. पण माणूस महासंशयी. चुलाणावर रस उकळू लागला की तो वाफेकडेही डोळे वटारून बघायचा: ही माझ्या गुळाचा वास घेऊन कुणाकडे निघाली?

एकदा मात्र त्याचा संशय खरा निघाला. बाजारात कुणीतरी वाळू मिसळलेला गूळ त्याच्या नावावर खपवत होतं.

"अहो, ढेपेवर आपली खूण उमटवा," बायको म्हणाली. "म्हणजे लोकांना कळेल."

गुळव्या सुताराकडे ठसा करून घ्यायला गेला. सुताराने फळीवर कोळशाने तीन रेघा पुढे ओढल्या, एक मागे. झालं चिमणीचं पाऊल.

गुळव्याचे डोळे बारीक झाले. "एवढंसं? हे तर शेंबडं पोरही काढेल! खरं सांग, तू त्या वाळूवाल्याचा मेहुणा की साडू?"

"मालक, गूळ मऊ. त्यावर ठसठशीत तेवढंच टिकतं."

"टिकतं म्हणे! चोराला सोपं जावं म्हणून सगळं!"

घरी येऊन त्याने स्वतःच खूण ठरवली. हत्ती. हत्तीवर अंबारी, अंबारीत राजा, राजाच्या हातात ऊस, उसावर मोर. शिवाय हत्तीच्या शेपटीला एक गुप्त गाठ. ती गाठ त्याने बायकोलाही सांगितली नाही. बायको झोपेत बोलत नव्हती, पण उद्या बोलायला लागली तर?

आता अख्खा हत्ती एकाच कारागिराच्या हाती कसा द्यायचा? तो दुसरा ठसा कोरून विकेल! म्हणून पुढचा अर्धा हत्ती एका गावी कोरायला दिला, मागचा अर्धा दुसऱ्या गावी. कारागीर एकमेकांना ओळखत नव्हते, आणि त्यांचे हत्तीही. जोडल्यावर पुढून ऐरावत, मागून रेडकू.

कोमट गुळावर ठसा बसला आणि बारीक रेघा एकमेकींत विरघळल्या. मोर राजात गेला, राजा हत्तीत गेला. बाजारात कुणी म्हणे बेडूक, कुणी म्हणे फुगलेली भाकरी. गुळव्या खूश! "मलाच नीट दिसत नाही, तर चोराला काय दिसणार?"

वाळूवाला ठसा कोरायच्या भानगडीतच पडला नाही. त्याने मऊ ढेपेवर कोपर दाबलं. हुबेहूब!

मग राजवाड्यातल्या पंगतीत पुरणपोळी खाताना राणीच्या आईच्या दाताखाली वाळू आली. होता तो शेवटचा दात गेला. गुळव्याला बायकोसकट दरबारात उभं केलं. ढेप त्याची ठरली, तर गुऱ्हाळ बंद.

"माझी नाही, महाराज! माझ्या हत्तीच्या शेपटीला गुप्त गाठ असते."

राजाने त्याच्या घरची ढेप आणवली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. गुळव्या नाक टेकवून शोधू लागला. इथे गाठ नाही, तिथेही नाही. गाठ सोडा, शेपूटच नाही!

"घरची ढेप चोख आहे, कबूल," राजा म्हणाला. "पण वाईट माल तूच चोरून बाजारात पाठवत नाहीस कशावरून? ती गाठ कुणी पाहिलीय? बाई, तुम्ही?"

"महाराज," बायको म्हणाली, "तो हत्ती आहे हेच मला आत्ता कळतंय."

दरबार खो खो हसला, आणि हंगामभर चुलाण विझलं.

त्या थंड चुलाणाशी बसून बायकोने विचारलं, "अहो, चोराला कळू नये म्हणून एवढं केलंत. गिऱ्हाईकाला कळावं म्हणून काय केलंत?"

पुढच्या हंगामात गुळव्या मुकाट्याने त्याच सुताराकडे गेला, आणि ढेपेवर चिमणीचं पाऊल उमटलं. घरोघरी पोरं बोट दाखवून सांगू लागली, "आमच्याकडे चिमणीचा गूळ!"

आता कोपराने भागेना. वाळूवाल्याने मऊ ढेपेत आपली तीन बोटं दाबली, मागे अंगठा दाबला आणि बाजारात बसला.

एक म्हातारी आली. तिला दिवसाढवळ्याही धड दिसत नसे. तिने ढेपेवर हात फिरवला आणि ओरडली, "मेल्या, चिमणीचं पाऊल एवढं जाडजूड? ही तर माणसाची बोटं!"

बाजार गोळा झाला. लोकांनी वाळूवाल्याचा हात धरून त्या खळग्यांवर ठेवला. चारही बोटं चपखल बसली. लोक त्याला तसाच ढेपेसकट राजाकडे घेऊन गेले.

मग म्हातारी पलीकडे ढेपा मांडून बसलेल्या गुळव्याकडे वळली. त्याच्या ढेपेवरही तिने अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा.

"आजी, माझीच आहे ना!"

"तू गप रे. मी खात्री केल्याशिवाय घेत नाही."

गुळव्याने ढेप तिच्या आणखी जवळ सरकवली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचा तरी संशय त्याला गुळाहून गोड लागला.

तात्पर्य: आपली खूण चोरापासून लपवू नये, गिऱ्हाईकाच्या ओळखीची करावी; मग तिची राखण सगळा बाजार करतो.