अक्षतांचे तांदूळ

"पण माई, फ्रेंचमध्ये टेबल बाई का? आणि पुस्तक बुवा का? काहीतरी नियम असेलच ना?"

माईंच्या मांडीवर सूप होतं, सुपात तांदूळ.

नदीकाठच्या त्या लहानशा दत्तमठात येण्याआधी माईंची तीस वर्षं पाँडिचेरीत गेली होती. फ्रेंच त्यांना घरच्या भाषेसारखी येई. म्हणून तर केळुसकर हेडमास्तर पहाटेची एसटी धरून, उपाशीपोटी, काखेत तीन वह्या मारून आले होते.

वह्यांत अकराशे नामं. पुल्लिंगी निळ्या शाईत, स्त्रीलिंगी लाल. मग नियम, मग अपवाद. अपवादांची वही सगळ्यांत जाड.

"अकराशे शब्द!" माई हसल्या. "त्यांतले बोललात किती?"

"...अजून एकही नाही."

"का हो?"

"चंद्राला 'तो' म्हणायचो आणि तिकडे ती निघायची! चाळीस वर्षं मी पोरांच्या वहीत एक चूक राहू दिली नाही, माई. आता या वयात स्वतःच..."

"भिंत ती आणि दगड तो, हे कुठल्या नियमानं शिकलात?"

"...ते आठवत नाही."

मास्तरांचा आवाज जरा खाली आला. मुलगा फ्रान्सात, सून तिकडचीच, आणि नात इरा फक्त फ्रेंच बोलणारी. फोन आला की मास्तर तो बायकोच्या हातात देत. ती बेधडक मराठीतून "माझी ठकी गं ती" सुरू करी, पोर खिदळे, आणि मास्तर मागून नुसता हात हलवत. गेल्या आठवड्यात इरानं बापाला विचारलं होतं, आजोबांना बोलता येत नाही का?

आज तिला पाचवं वर्ष लागत होतं. दुपारी बारा वाजता मी स्वतः बोलेन, असा शब्द मास्तर मुलाला देऊन बसले होते.

"म्हणून एक पक्का नियम द्या, माई. एकच. कधी चुकणार नाही असा."

माईंनी सूप त्यांच्यापुढे सरकवलं.

"उद्या श्रावणी शुक्रवार. जिवतीची पूजा. ज्यांची लेकरं परगावी, त्या बाया चारी दिशांना अक्षता टाकतील. अखंड दाणे तेवढे वेचून द्या. तुटका एकही नको."

मास्तरांना ते ठाऊक होतं. त्यांची बायकोही दर श्रावणात चारी दिशांना अक्षता टाकी. पश्चिमेला जरा जास्तच.

चष्मा पुसून ते बसले. दाणा उजेडाला धरायचा, दोन्ही टोकं बघायची, मगच वाटीत टाकायचा. काम अगदी त्यांच्या हातचं होतं. सकाळ कशी सरली, कळलं नाही.

"बघा माई. तुटका दाणा शोधून सापडायचा नाही."

"नाहीच सापडायचा." माईंनी वाटी जिवतीच्या कागदापुढे ठेवली, हात जोडले. मग सुपात उरलेली तुटकी कणी उचलून त्या आत गेल्या.

थोड्या वेळानं चुलीवरून तुपाचा वास आला. माईंनी मोठा वाडगा आणून पुढे ठेवला. कण्यांची मऊ पेज, वर मीठ, बाजूला लिंबाची फोड.

"सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. घ्या."

मास्तर लाजत लाजत एक वाडगा प्यायले. मग न लाजता दुसरा. कपाळावर घाम आला, डोळे निवले.

आणि फोन वाजला.

पडद्यावर मुलानं आजच लावलेला फोटो, कागदी मुकुट घातलेली इरा. मागे केक, मेणबत्त्या अजून न विझवलेल्या.

मास्तरांचा हात आधी वहीकडे गेला. लाल शाई... निळी शाई... फोन वाजतच होता.

"माई, चुकलं तर?"

माईंनी रिकामा वाडगा उचलला. त्यात डोकावून पाहिलं.

"पेज पिताना, मास्तर... मोडका दाणा जिभेला लागला का कुठे?"