तबकडीचे विरजण

एकदा एका वृद्ध गिटारवादकाच्या दारात दोन अनोळखी तरुण येऊन उभे राहिले, तेव्हा नेमकी दिवेलागण झाली होती. शिष्याने दार उघडले. पाहुण्यांची ढगळ पॅंट आणि उलटी टोपी पाहूनच त्याच्या कपाळाला आठी पडली.

या गुरुजींनी ऐन तारुण्यात जॅझ आणि फंक या पाश्चात्त्य संगीतप्रकारांच्या मिलाफाची एक तबकडी काढली होती. तेव्हा तिला काळे कुत्रेही विचारीत नव्हते. घरी तिची एकच प्रत उरली होती आणि शिष्य ती मऊ कापडात गुंडाळून कपाटात देवासारखी जपत असे. हा शिष्य एका पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा. तबकडीतला स्वर न् स्वर त्याने बोटांवर चढवला होता. लोक ‘हुबेहूब!’ म्हणत आणि तो सुखावे. मात्र गुरुजी “आता तुझं काहीतरी वाजव,” म्हणाले की त्याची बोटे थिजत. हे दुःख त्याने कुणाला सांगितले नव्हते.

ते दोघे तरुण रॅप करणारे होते. त्यांनी बिचकत मोबाइलवर आपले गाणे लावले. त्यात गुरुजींच्या गिटारचा इवलासा तुकडा पुन्हा पुन्हा फिरत होता. त्यावर त्यांचे शब्द होते, नळावरच्या भांडणाचे, आईच्या शिलाई मशीनचे.

“जुन्या बाजारात तुमची रेकॉर्ड मिळाली, आजोबा,” त्यांच्यातला एक म्हणाला. “पण फार खरखरते. तुमच्याकडे चांगली असेल तर द्याल?”

“ही तर उघड चोरी आहे!” शिष्य उसळला.

गुरुजी डोळे मिटून ऐकत होते, पायाने ठेका धरून. गाणे संपल्यावर ते म्हणाले, “न विचारता घेतलंत, हे चुकलं. गाण्यावर माझं नाव लावा. आणि तबकडी आत्ता मिळणार नाही. उद्या उजाडल्यावर या.”

गुरुजींनी गोड बोलून वाटेला लावले, असे समजून शिष्य खूश झाला. पण सकाळी ते दोघे खरोखरच आले आणि गुरुजींनी कापड सोडून तबकडी त्यांच्या हातात ठेवली. ते पाया पडून गेले. शिष्याच्या हातात नुसते कापड उरले.

“इतकी वर्षं मी ती जपली, गुरुजी,” तो म्हणाला. “आणि द्यायचीच होती, तर काल का नाही दिलीत?”

“तुझी आई तिन्हीसांजेला शेजारणीला विरजण द्यायची का रे?”

“नाही. सकाळी ये म्हणायची.”

“आणि सकाळी कधी नाही म्हणाली?”

“कधीच नाही.”

“मग मी तरी कसं म्हणू? मी तरी हे कुठून आणलं? ज्यांना ऐकून शिकलो, त्यांच्याकडून चमचाभर घेतलं आणि माझ्या दुधाला लावलं. या पोरांनीही चमचाभरच नेलं. दूध त्यांच्या घरचं आहे. तू मात्र माझं दही वाटी भरून नेतोस आणि गावभर वाढतोस. लोक म्हणतात, चव हुबेहूब गुरुजींची! असणारच. पण नुसतं झाकून ठेवलेलं दही आंबतं, बाळ.”

शिष्य खाली मान घालून म्हणाला, “माझ्याकडे दूध कुठे आहे, गुरुजी?”

“इतकंच सांगतो, त्या कपाटात नाही.”

गुरुजी चहा करायला उठले. शिष्याने कापडाची घडी घातली आणि गिटार मांडीवर घेतली. सवयीने तबकडीतला तोच तुकडा त्याने वाजवला, मग पुन्हा वाजवला. तिसऱ्यांदा वाजवताना त्याला वडिलांची गिरणी आठवली. तिचा पट्टा फटफटत फिरे आणि दर फेऱ्याला सांध्यापाशी किंचित अडखळे. लहानपणी तो पिठाच्या गोणीवर त्या आवाजात झोपी जाई. त्याची बोटे तशीच अडखळली, आणि त्याने ती अडखळू दिली. पुढचे स्वर त्याने कुठे शिकलेले नव्हते, पण ते आपसूक येत गेले.

गुरुजी चहाचे कप घेऊन दारातच थांबले. बराच वेळ ऐकत राहिले.

“हे माझं नाही,” अखेर ते म्हणाले, आणि त्यांना झालेला आनंद काही केल्या लपेना.