तेरावे कलम

एकदा एक नाणे निघाले, ज्याला ना राजा होता ना टाकसाळ. संगणकांच्या जाळ्यावर चालणारे हे आभासी चलन चारशे सभासदांनी आपापली पुंजी एका सामायिक निधीत घालून उभे केले होते. ठराव मांडावा, सात दिवस मते घ्यावीत आणि मंजूर झाला की संगणकाने तो आपोआप अमलात आणावा, असा नियम. वाचायला सवड नसेल त्याने आपले मत दुसऱ्या सभासदाच्या हवाली करावे, अशी सोयही होती. आणि सोय म्हटली की आपण माणसे तिच्यावर कशी तुटून पडतो, हे काय सांगायला हवे!

या नाण्याचे नियम रचणाऱ्या वृद्ध गुरुजींची मैथिली ही शिष्या. तिच्याकडे एकशे ऐंशी जणांनी मते सोपवली होती. एकदा गुरुजींनी ‘किरकोळ दुरुस्त्यां’चा ठराव मांडला. सोसायटीच्या नोटिशीवर आपण सही ठोकतो, तसे मैथिलीने पहिल्याच मिनिटाला सगळ्यांचे ‘होय’ देऊन टाकले.

सातव्या दिवशी दुपारी तिने तो सहज उघडला. तेराव्या कलमापाशी येताच तिने ते पुन्हा एकदा वाचले. ‘सामायिक निधी संपूर्णपणे ठराव मांडणाऱ्याच्या खात्यात जमा व्हावा.’ तिच्या आईची निवृत्तीची सगळी पुंजी त्या निधीत होती. मुदत संपायला तास उरला होता.

ती धावतच गुरुजींच्या घरी गेली. ते ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते.

“गुरुजी, हे काय करून बसलात? आधी मागे घ्या तो ठराव!”

“मांडलेला ठराव मागे घेता येत नाही,” गुरुजी म्हणाले. “मत मात्र बदलता येतं.”

मैथिलीने तिथेच मत फिरवले. त्या एका बोटासरशी सगळी ‘होय’ ‘नाही’ झाली आणि मुदत संपताच ठराव पडला.

“सुटले बाई!” ती म्हणाली.

“सुटलीस कुठली? खरं भ्यायचं ते आता,” गुरुजी म्हणाले. “कोणी वाचतं का, ते पाहायला मी मुद्दाम ते कलम घातलं. लोकांनी तुझ्या भरवशावर वाचायचं सोडलं, तू माझ्या. मग चारशे जणांचं राज्य उरलं कुठे?”

“पण मी वाचलंच नसतं तर?”

“पैसे माझ्याकडे आले असते. मी ते परत केले असते, असं मला वाटतं.” गुरुजींचा हात सुपातच थांबला. “एवढी रक्कम डोळ्यांसमोर आल्यावर काय वाटलं असतं, देव जाणे. सात दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या.”

मैथिलीला प्रथमच गुरुजींची भीती वाटली, आणि मग स्वतःचीही.

घरी येऊन तिने सर्व सभासदांना घडलेली हकीकत कळवली. ‘आपापले मत परत घ्या, ठराव स्वतः वाचा,’ अशी हात जोडून विनंती केली. आठवड्याभरात अकरा जणांनी मते परत घेतली. त्रेपन्न जणांनी नव्याने तिच्या हवाली केली. ‘इतकी सावध मुलगी असताना,’ त्यांनी लिहिले, ‘आम्ही कशाला वाचायचं?’