बोलक्या पायांचा पलंग

एका राज्यात झोपेचा दुष्काळ पडला होता, आणि तोही एकट्या राजाच्या डोळ्यांत. प्रजा घोरत होती, हत्ती उभ्याउभ्या पेंगत होते, राजा रत्नशेखर तेवढा टक्क जागा.

याला कारण एक पलंग. एका मांत्रिकाला जिंकून राजाने त्याचा खजिना आणला, त्यात तो रत्नजडित पलंग होता. राजा त्यावर असा भाळला की दरबार पलंगावर, जेवण पलंगावर, भांडणांचे निवाडेही पलंगावर. पण पलंग शापित होता. दिवसा त्यावर जे बोलले जाई, ते त्याचे पाय रात्री पुन्हा बोलत. पहिला पाय सीमेवरची कुरबुर सांगे, दुसरा पाटबंधाऱ्याचा तंटा, तिसरा शेजारच्या राजाने मारलेला टोमणा. चौथा पाय एवढेच विचारी, "महाराज, आज तरी झोप लागेल ना?"

पलंग जाळला तर जळेना. राजा दुसऱ्या महालात निजला, तर पलंग चार पायांनी चालत तिथे हजर.

वर्ष उलटले. राजाचे हात कापू लागले. सकाळी दिलेला हुकूम संध्याकाळी आठवेना. भलत्या वेळी भूक लागे आणि पानावर बसले की घास उतरेना. क्षुल्लक कारणावरून तो प्रधानावर खेकसे, मग एकटाच रडत बसे. राजवैद्यांनी नाडी पाहिली आणि राणी चारुमतीला बाजूला घेऊन सांगितले की महाराजांचे काळीज थकले आहे, असेच चालले तर पुढचा हिवाळा काही ते पाहत नाहीत.

उपाय का थोडे झाले? जायफळाचे दूध झाले, काशाच्या वाटीने तळपाय घासून झाले. अंगाई गाणारे गवई स्वतःच आडवे झाले. राजा दुपारी डुलक्या काढी, त्याने रात्र आणखी लांबे. सारा महाल दाराला कान लावून बसे, आणि उजाडताच जो भेटे तो विचारी, झोप लागली का? बिचाऱ्याला शेवटी झोपेचीच धास्ती बसली.

राणीला राजा हवा होता, राज्य गेले तरी चालले असते. ती एकटीच निघाली. वाटेत उंबरावर एक पिंगळा बसला होता, घुबडाच्या कुळातला, पण बोलका. त्याने सांगितले की तीन डोंगरांपलीकडे एका गुहेत तंद्रा नावाची चेटकीण राहते, शापावरचा उतारा तिलाच ठाऊक. मात्र ती निजली असेल तर उठवायचे नाही. उठवणाऱ्यांचे धोंडे होऊन गुहेबाहेर पडले आहेत.

राणी पोहोचली तेव्हा चेटकीण अर्थातच निजलेली होती. राणी एका धोंड्याला टेकून बसून राहिली. सावकाश जाग आल्यावर चेटकिणीने तिला न्याहाळले आणि ती खूश झाली. इतकी शहाणी पाहुणी तिच्याकडे कधी आली नव्हती.

"काय हवे?"

"माझ्या पतीची झोप."

"ती मागून मिळत नाही. त्यासाठी तीन कामे आहेत."

"करीन."

"तू नव्हेस. त्याने करायची आहेत."

मग तिने सांगितले. रात्र कशीही जावो, राजाने सूर्याबरोबर उठून उन्हात चालावे आणि दिवसा डोळा लागू देऊ नये. दुसरे, पलंगावर निजण्याखेरीज काही करू नये. झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या दालनात बसावे, डोळे जड झाले की मगच परतावे. आणि तिसरे म्हणजे, पलंगाच्या चौथ्या पायाला खरे उत्तर द्यावे. कोणते, हे सांगण्याआधीच ती कूस बदलून पुन्हा घोरू लागली.

राणीने परतून हे सारे राजाला सांगितले. राजा सुरुवातीला बागेत अडखळत चाले आणि साऱ्या जगाला शिव्या देई. राणी निमूट बरोबर चाले. दरबार सिंहासनावर परतला, तसा पलंगाचा पहिला पाय मुका झाला, मग दुसरा, मग तिसराही. चौथा मात्र रोज विचारी. राजा म्हणे, लागेल. पाय खदखदा हसे. राजा म्हणे, लागलीच पाहिजे. तेव्हा तर तो इतका हसे की मच्छरदाणी गळून पडे.

एकदा झोप येईना म्हणून राजा दुसऱ्या दालनात राणीशी सोंगट्या खेळत बसला. राणीने सोंगटी गुपचूप पुढे सरकवली. राजाने चोरी पकडली आणि तो वर्षानंतर पहिल्यांदा पोट धरून हसला. डोळे जड झाल्यावर पलंगापाशी आला, तर चौथ्या पायाने ठरलेला प्रश्न विचारला.

"न लागली तर न लागो," राजा म्हणाला. "उद्या मला राणीला हरवायचे आहे."

आणि ते खरे होते. पायाला पुढे काही सुचेना. रत्ने गळून पडली, खाली साधा सागवानी पलंग उरला. राजाला ते दिसलेच नाही, तो केव्हाच घोरू लागला होता.

सूर्याबरोबर त्याला जाग आली. हात स्थिर होते, छातीतली धडधड शांत होती. शेजारी राणी गाढ निजली होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळे घेऊन. वर्षभर आपल्याबरोबर हीही जागली, हे त्याला आत्ता कळले. इतक्यात बाहेर नगारजीने टिपऱ्या उचलल्या. राजा अनवाणी धावत गेला आणि त्याने त्याचा हात धरला.

"आज नगारा नको," तो हळूच म्हणाला. "राणी निजली आहे."

त्या दिवशी सारे नगर पाऊल न वाजवता वावरले. राणी उठली ती थेट जेवणाच्या वेळेला. ऐकणाऱ्यांनाही तशीच झोप लागो, फक्त कथा संपल्यावर.