पाहुण्याची तहान

जनावरांच्याही सभा भरत असत, त्या काळची गोष्ट. माळावरच्या तळ्याकाठी एक भलामोठा लोखंडी पेटारा येऊन बसला. त्याच्या पोटात साऱ्या जगाच्या आठवणी होत्या, आणि त्या सांभाळताना त्याचं अंग सारखं तापायचं, सारखी तहान लागायची. "मी आता इथंच राहणार," तो म्हणाला.

सगळ्या जनावरांनी एकी केली. 'इथं नको' असं त्याला तोंडावर सांगायचं ठरलं आणि ते काम म्हाताऱ्या कासविणीवर सोपवलं. पण पाहुण्याचं पाणी पिऊन झाल्याशिवाय त्याला वाकडा शब्द बोलायचा नाही, अशी त्या तळ्याची रीत होती.

"आधी पाणी घ्या," कासवीण म्हणाली.

पेटारा पिऊ लागला. काठ उघडे पडले, कमळं चिखलात आडवी झाली.

"अगं आजी, बोल ना आता!" बगळा कळवळून म्हणाला.

कासवीण खालमानेनं म्हणाली, "त्यांचं पिऊन होऊ दे रे."

तळाला भेगा पडल्या, तेव्हा कुठं पेटारा थांबला. बाकीचे केव्हाच निघून गेले होते. कासविणीनं तोंड उघडलं, पण कोरड्या घशातून आवाजच फुटेना.

"फार सुंदर तळं होतं हो," पेटारा म्हणाला. "एकूण एक कमळ माझ्या लक्षात आहे."