जीपच्या तळाचा पत्रा

विषय : जुन्या जीपच्या तळाचा सडलेला पत्रा बदलणे.
संदर्भ : जीपचा तोंडी अर्ज.

अवजारांना वाचा होती त्या काळी एका सरकारी गॅरेजात ही जीप उभी असे. गंजाने तिचा तळ पोखरला होता. ती छिन्नीवर ओरडली, "सडका पत्रा काप आणि नवा जोडायला सांग! नाहीतर घाटात ड्रायव्हर गेनूचा पाय खाली जाईल."

"उद्या खंडेनवमी. पूजेसाठी मला घासूनपुसून ठेवलंय," छिन्नी म्हणाली.

"आणि परवा?"

"परवा दसरा. सुट्टी."

"अगं बाई, चिडतेस कशाला?" रंगाचा डबा म्हणाला. "एक हात फिरवतो, नवरी दिसशील."

"दर वर्षी हेच करतोस, मेल्या! तुझ्याआड गंज पोसला जातो!"

"रंगरावांना बोलू नका," गंज आतून म्हणाला. "आमचे पोशिंदे आहेत ते."

पूजेला साहेब आले. जीपच्या ताज्या रंगाची चकाकी पाहून खूश झाले, नारळ फोडला आणि हौसेने जीपमध्ये चढले. तळ फुटून त्यांचे दोन्ही बूट जमिनीला टेकले. तिथेच उभ्या उभ्या त्यांनी आदेश दिला, "रंग पातळ लागलाय. आणखी एक हात द्या."

रंग दिला गेला. भोकावर फळी टाकून गेनू रोज घाट उतरतो. जीपचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.