नेमूअण्णांचा लॅपटॉप आणि शिदूचे शंभर

कुण्या एका गावात शिदू नावाचा एक भोळा गडी होता. मिशा भरदार, अक्कल बेताची. सांगाल ते सगळं करायचा, हीच पंचाईत.

गावात नेमूअण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शिदू तिथेच कामाला. उद्यावर यात्रा आलेली. मागच्या यात्रेत एक पोर चार तास सापडलं नव्हतं, म्हणून यंदा पंचायतीने दहा जुने वॉकीटॉकी मिळवले. ते सगळे एका चॅनेलवर लावायचे, तर अण्णांचा तीस वर्षांचा लॅपटॉपच हवा. नवा लॅपटॉप फार भरभर बोलतो, जुन्या सेटला त्यातलं काही कळत नाही.

अण्णांनी शिदूला घरून सेट लॅपटॉपला जोडायची केबल आणायला पाठवलं. त्याने एक टोक धरलं आणि बाकीची रस्त्यावरून ओढत आणली.

"अशी आणत्यात व्हय रं? सुतळीनं करकचून बांधून आणायची."

"बरं अण्णा."

मग पंचायतीतून सेट आणायचे होते. शिदूने दहाही सेट सुरू करून बघितले आणि सुतळीने करकचून बांधले. सगळ्यांची बोलायची बटणं वाटभर दाबलेली. दुकानात येईतो बॅटऱ्या उतरल्या.

"अरं, बटण दाबायचं, बोलायचं, 'ओव्हर' म्हणायचं आन् सोडायचं."

"बरं अण्णा."

अण्णांनी बॅटऱ्या चार्ज केल्या, पहिला सेट लॅपटॉपला जोडला आणि सेटमध्ये चॅनेल किती टक्के भरलं ते दाखवणाऱ्या पडद्यावरच्या आकड्यावर शिदूला लक्ष ठेवायला बसवलं. चाळीस आले. शिदूने लॅपटॉपचं बटण दाबलं, "चाळीस झालं, ओव्हर," म्हणाला आणि सोडलं. लॅपटॉप बंद. अर्धवट भरलेला सेट कायमचा मुका झाला.

अण्णा भयंकर चिडले. "आता शंभर झाल्याबिगर तोंड उघडायचं न्हाय. शंभर झालं की मला सांग."

"बरं अण्णा."

आणि नवल म्हणजे उरलेले नऊ सेट बिनबोभाट झाले. अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी यात्रेत एक सेट शिदूच्याच हातात दिला. "हरवलेलं पोर दिसलं की शाळेत बसव आन् मला सांग."

"बरं अण्णा."

दुपारी अण्णांचीच नात पद्मा दिसेना.

"शिदू, पद्मा दिसली का? ओव्हर."

उत्तर नाही. तेवढ्यात एक बाई रडत आली, तिचा मुलगा हरवला होता. मग दुसरी आली. मग दहा आल्या. पाळणे थांबले, कुस्त्या थांबल्या, जो तो आपलं पोर शोधू लागला. अण्णा पद्माला हाका मारत फिरले.

तासाभराने सेट खरखरला.

"अण्णा, शंभर झाली. ओव्हर."

अण्णा धावत शाळेत गेले. पटांगणात रांगा लावून पोरं बत्तासे खात बसली होती. पहिल्या रांगेत पद्मा. अण्णांनी तिला कडेवर घेतलं आणि डोळे पुसले.

"एवढी पोरं हरवली व्हय रं?"

"न्हाय अण्णा, चारच हरवलेली. बाकीची आयांची नजर चुकवून उचलून आणली, तवा कुठं शंभर भरली."